पुसलेलं गोंदण

आमच्या धंद्यात ‘क्लीन’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा कानावर पडतो. ‘मॅडम, स्किन जरा क्लीन करून द्या हां.’ खराडीच्या आयटी कंपनीतला मॅनेजर असो, लग्नाच्या बायोडेटासाठी फोटो काढायला आलेली मुलगी असो, नाहीतर निवृत्तीच्या समारंभासाठी फोटो हवा असलेले साहेब असोत, सगळ्यांना स्वतःचाच चेहरा हवा असतो, फक्त त्या चेहऱ्यावर काही नको असतं. पहिली काही वर्षं मी सुनावत असे. ‘अहो, तो तीळ जन्मापासून तुमचाच आहे, माझ्या कॅमेऱ्यातून पडलेला नाही.’ पुढं सुनावणं सोडलं आणि पुसणं सुरू केलं. नोकरी नाही, पाठीशी स्टुडिओ नाही, धायरीच्या फ्लॅटमधली एक खोली आणि एक कॅमेरा एवढंच भांडवल. गिऱ्हाइकाशी वाद घालणं परवडत नाही. आता ठिपका दिसला की हात आपोआप जातो. एक टिचकी आणि ठिपका गायब.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं त्याचा दोष मी बरेच दिवस त्या हाताला देत होते. हात माझाच होता.

माझी मैत्रीण मेकअप करते. आमची ओळख खराडीतच झाली. एका कंपनीत दोन दिवसांत दीडशे माणसांचे फोटो काढायचे होते, आणि कंपनीनं तिला वेगळं बोलावलं होतं, मला वेगळं. मीटिंगच्या खोलीत एका कोपऱ्यात ती माणसांच्या नाकावरचं तेल टिपत होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी त्यांना हसवायचा प्रयत्न करत होते. दुपारपर्यंत आम्ही एकमेकींशी अक्षर बोललो नव्हतो. मग ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “तुमचा हा डावा लाइट जरा खाली घ्या. मी सगळ्यांच्या डोळ्यांखालचं झाकतेय आणि तुम्ही ते परत उघडं पाडताय.”

मला राग आला. पण लाइट खाली घेतला, आणि फोटो सुधारले. संध्याकाळी मी तिला म्हटलं, “अहो-जाहो पुरे.” त्यानंतर सहा-सात वर्षं आम्ही जोडीनंच कामं केली. मी धायरीहून गाडी काढायची, अख्खं शहर ओलांडून खडकीला जायचं, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्सच्या फाटकाशी तिला घ्यायचं आणि पुढं जिथं काम असेल तिथं. तिचे वडील त्या कारखान्यात होते, आता भाऊ होता. ती भावाच्याच क्वार्टरमध्ये, आईबरोबर राहत होती.

आईला मी आधी ओळखलं ते डब्यातून. ती लोकं मूळची भंडाऱ्याकडची. जोडीनं पहिलं काम केलं त्या दिवशी मैत्रीण म्हणाली, “आईनं तुझ्यासाठी सांबारवडी दिलीय.” आता सांबार म्हटल्यावर मी आपली पातळ काहीतरी असेल म्हणून वाटी शोधायला लागले. ती इतकी हसली की तिची काजळकांडी खाली पडली. त्यांच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. कोथिंबिरीचं सारण भरलेली ती तळलेली वडी मी त्यानंतर कितीदा खाल्ली याचा हिशेब नाही. मी त्या बाईंच्या हातचं वर्षानुवर्षं खाल्लं आहे, हे मला इथं लिहून ठेवायचंच आहे.

गाडीत आम्ही खूप बोलायचो. म्हणजे ती बोलायची आणि मी रहदारीला शिव्या घालायचे. एकदा असंच तिनं शाळेतलं सांगितलं. तिच्या आईच्या चेहऱ्यावर गोंदण होतं. पालकसभेला आई आली तेव्हा वर्गातल्या मुलींनी विचारलं, “तुझ्या आईच्या तोंडाला शाई लागलीय का?” घरी येऊन ही आईवर ओरडली. पुढच्या सभेला आई तोंडावर पावडरचा थर लावून आली. थराखालून हिरवे ठिपके दिसतच होते, आणि मुली जास्तच हसल्या. “आई घाम पुसायचीसुद्धा नाही,” ती म्हणाली. “पावडर जाईल म्हणून. आणि बघ, मोठी होऊन मी झाले कोण, तर लोकांना पावडर लावणारी.”

माझ्यापुढं एक बस आडवी आली होती. मी “हं” म्हटलं. ऐकलं नाही असं नाही, ऐकलं होतं. पण आपल्याला काहीतरी सोपवलं जातंय हे मला तेव्हा कळलं नाही.

त्याच वर्षी ती म्हणाली, “आईचा एक मोठा फोटो काढून दे. पंच्याहत्तरीची झाली. मेकअप नाही, मी बोटसुद्धा लावणार नाही. जशी आहे तशी हवी.” मी म्हटलं, “हे काय सांगणं झालं? रविवारी येते.”

रविवारी अकराच्या सुमाराला मी त्यांच्या क्वार्टरवर गेले. बाहेरच्या खोलीत मोठी खिडकी होती आणि बाहेर समोरच्या क्वार्टरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून येणारं ऊन मऊ होतं. मला लाइटच लावावा लागला नाही. आई पांढरी साडी नेसून खुर्चीत बसली. मागं बुद्धांची तसबीर होती, ती फ्रेममध्ये यावी की नाही यावर मायलेकींचा थोडा वाद झाला. आईला ती हवी होती; आई जिंकली नाही.

मी त्यांना बोलतं ठेवण्यासाठी गोंदणाचंच विचारलं. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ होती, हनुवटीवर तीन ठिपके, आणि एका गालावर एकच, एकटा. हिरवट निळे, जुन्या बांगडीसारखे विटलेले.

“आठ वर्साची होती मी,” आई म्हणाल्या. “मायनं हात धरले आन् गोंदनारीनं सुया मारल्या. मंग गोंदनारी म्हने, पोरगी रडली नाही बापा. म्हनून हा गालावरचा तिनं मले वरून देल्ला. असाच.” आणि त्यांनी गालावर बोट टेकवून दाखवलं. “माही माय म्हने, सोनं इथंच राह्यते, गोंदन संगं येते. आता मी काही ते मानत नाही. आपला धम्म ते सांगत नाही. पन हा मले बक्षीस भेटला हाय, तं हा माह्या.”

मैत्रीण माझ्यामागं उभी होती. तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. त्याच क्षणी आईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मी बटण दाबलं. इतका चांगला फोटो मी त्याआधी काढलेला नव्हता, आणि नंतरही नाही. डोळ्यांत खिडकी होती, ओठांवर जरासा टवाळपणा होता, आणि ती नजर आपल्या लेकीचं सगळं माफ करून बसलेल्या बाईची होती.

पुढं लग्नसराई आली. माझ्या संगणकावर अडीचशे चेहरे पुसायचे पडले होते आणि त्यांच्यातच हा एक होता. एका दुपारी चहा घेत मी तो उघडला. रंगीत फोटोतली मागची पिवळी भिंत मला खटकत होती, म्हणून मी फोटो कृष्णधवल केला. कृष्णधवल केल्यावर हिरवा रंग जातो. गोंदण हिरवं राहिलं नाही की ते गोंदणही दिसत नाही, नुसते करडे ठिपके दिसतात, वांगाच्या डागांसारखे. मी चेहरा दोनशे टक्के मोठा केला आणि कामाला लागले. सुरकुती एकही पुसली नाही. उलट सुरकुत्या ठेवल्या म्हणून स्वतःवर खूश होते. ‘जशी आहे तशी’ म्हणजे सुरकुत्या, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भुवयांमधली रेघ मला काय वाटली असेल, याचा मी आजवर खूप विचार केला आहे. मला वाटतं मला काहीच वाटलं नाही. मी त्या वेळी फोनवर बोलत होते.

चांगल्या मॅट कागदावर मोठी प्रत काढली, सागवानी फ्रेम करून घेतली आणि मिरवत खडकीला घेऊन गेले. आईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं.

“छान काढला, माय,” त्या म्हणाल्या. मग गालावरून बोट फिरवलं, फोटोतल्या नव्हे, स्वतःच्या. “म्हंजे मी रडली असती तं अशी दिसली असती.”

मला एवढं होऊनही उमजलं नाही. मी हसले. मैत्रीण हसली नाही, तेव्हा कुठं कळलं.

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि तिथं थांबली. “तुला तो डाग वाटला,” ती म्हणाली.

“अगं, कृष्णधवलमध्ये रंग जातो ना, त्यामुळे...”

“मला तुझं टेक्निकल नको सांगूस. मी लहानपणी पावडर लावायला लावली. तू तर मुळापासून काढलंस. माझ्याहून हुशार निघालीस.”

पुण्यात वाढलेल्या माणसाला टोमण्याचं काही वाटू नये. मला वाटलं, आणि वाटलं म्हणून मी जास्त रुबाबात बोलले. म्हटलं, “एवढं काय? कॅमेऱ्यातली मूळ फाइल आहे माझ्याकडे. हात न लावलेली. दहा मिनिटांचं काम.”

“दहा मिनिटांचं आहे ना? मग दे.”

घरी येऊन शोधली. नव्हती. माझी एक पद्धत आहे, होती. हार्ड डिस्क भरली की जुन्या मूळ फाइली उडवायच्या. पैसे दिलेल्या गिऱ्हाइकांच्या वर्षभर ठेवायच्या, कारण ती माणसं परत मागतात आणि भांडतात. फुकट केलेली कामं आधी उडवायची. मैत्रिणीचं काम मैत्रीचं होतं, म्हणून ते सगळ्यात पहिलं गेलं. त्या रविवारचे सगळे साठ-सत्तर फोटो गेले. कॅमेऱ्याच्या कार्डावर त्यानंतर चार लग्नं भरून रिकामी झाली होती. उडवलेल्या फाइली परत मिळवून देणाऱ्या एका माणसाला डिस्क नेऊन दाखवली, त्यानं नकारार्थी मान हलवली.

त्याच दिवशी फोन करून सांगायला हवं होतं. ती शिव्या देती, आठ दिवस बोलती ना, आणि मग आम्ही परत एका रविवारी कॅमेरा घेऊन बसलो असतो. बाई हयात होती, खिडकी तिथंच होती. पण माझा हिशेब असा की आधी गपचूप परत फोटो काढावा आणि मग सांगावं. तिनं विचारलं की मी म्हणायचे, “हो गं, पुढच्या आठवड्यात.” तिनं तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही. गाडीत ती कानात इअरफोन घालून बसायला लागली. डबा येत राहिला, एकच फरक झाला, तो ती मला न देता मागच्या सीटवर ठेवून द्यायची. मग हळूहळू तिला दुसरीकडची कामं मिळायला लागली. मला एकटीलाच खराडीला जाताना रस्ता लांब वाटायला लागला.

सात-आठ महिन्यांनी कळलं की आईंना अर्धांगवायूचा झटका आला आहे. तोंड वाकडं झालं, बोलणं कळेनासं झालं, आणि कुणी फोन समोर धरला की त्या चादर तोंडावर ओढून घेत. मी भेटायला गेले नाही. फळं घेऊन जावं असं रोज मनात येई, आणि रोज वाटे की दारातच मैत्रीण मूळ फाइलीचं विचारील. जिच्या हातचं इतकं खाल्लं, तिला आजारपणात मी बघायला गेले नाही, ते एका खोटेपणाला जपायचं होतं म्हणून. याची लाज वाटते म्हणणं फार थोडं आहे.

आई गेल्याचा निरोप भावाकडून आला. मी बाहेरगावी एका कामावर होते, अंत्यविधीला पोचू शकले नाही. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला मात्र सकाळी लवकर गेले. क्वार्टरसमोर मांडव घातला होता, पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंजीवर बसत होती, भंडाऱ्याहून नातेवाईक आले होते. टेबलावर बुद्धांची मूर्ती होती, मेणबत्त्या होत्या, फुलं होती. शेजारी फोटोची जागा रिकामी होती.

भावानं मला आतल्या खोलीत पाठवलं. “बरं झालं आलात. ती तुमचीच वाट पाहतेय.”

मैत्रीण खाली जमिनीवर बसली होती. माझी फ्रेम उघडून तिनं प्रत बाहेर काढली होती आणि मांडीवर पाट घेऊन त्यावर ठेवली होती. बाजूला तिची मेकअपची पेटी. हातात डोळ्यांना रेघ ओढायचा सगळ्यात बारीक ब्रश. हिरव्यात थोडा निळा, थोडा राखाडी मिसळून तिनं बरोबर तो विटका रंग तयार केला होता. भुवयांमधली रेघ काढून झाली होती. हनुवटीवरचे तीन ठिपके झाले होते. अख्ख्या कृष्णधवल फोटोत तेवढाच रंग होता, आणि चेहरा ओळखू येत होता.

मी खाली बसले. तिनं वर न बघता विचारलं, “ती मूळ फाइल आता तरी दे. फोनवर असेल तरी चालेल. फक्त गाल बघायचाय.”

“गाल?”

“दादा म्हणतो डावा. मला वाटतं उजवा. रोज बघितलेला चेहरा, आणि आम्ही दोघं काल रात्रीपासून भांडतोय. पोरांनी काढलेले सेल्फी पाहिले, तर काहींत इकडं आहे, काहींत तिकडं. कुठला फोन फोटो उलटा करतो, कुठला नाही, काय कळणार? घरात मॅक्सी घालायची, पदर कुठल्या खांद्यावर ते बघावं तर तेही नाही. आधार कार्डावर तर नाकसुद्धा धड नाही. मावशीला विचारावं तर तिला आता स्वतःचं नावही आठवत नाही.”

मी म्हणाले, “फाइल नाहीये.”

“मिळत नाहीये?”

“नाहीये. पहिल्या दिवसापासून नव्हती. उडवली होती मी.”

एवढं एक वाक्य बोलायला मी जवळजवळ वर्ष घेतलं होतं. तिनं ब्रश पाटावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात’ वगैरे...”

“हो.”

बाहेर कुणीतरी म्हणालं की भन्तेजी आले. भाऊ दारात डोकावून गेला. तिनं ब्रश परत उचलला, रंगात बुडवला, आणि अगदी शांतपणे म्हणाली, “मग तूच सांग. तिच्या चेहऱ्याकडे इतक्या जवळून आमच्यापैकी कुणीच कधी बघितलं नाही. पुसताना दिसला असेल ना?”

मी डोळे मिटले. मला सगळं आठवलं. डोळ्यांतली खिडकी आठवली, ओठांजवळची प्रत्येक सुरकुती आठवली, कानातल्या फुलाचा झिजलेला खडा आठवला. आईंनी गालावर बोट टेकवून ‘हा माह्या’ म्हटलेलं ऐकूसुद्धा आलं. पण ते बोट कुठल्या गालावर होतं ते दिसेना. मी तो चेहरा दोनशे टक्के मोठा करून तासभर बघितला होता, आणि त्या बाईला मिळालेलं एकुलतं एक बक्षीस कुठं होतं, हे मला सांगता येत नव्हतं.

“डावा,” मी म्हटलं.

“तिचा डावा, की आपण समोरून बघतो तो?”

“तिचा.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. फोटोवर वाकली, श्वास धरला आणि आईच्या डाव्या गालावर एक ठिपका ठेवला. तो वाळेपर्यंत त्यावर हळूच फुंकर मारत राहिली. मग प्रत फ्रेममध्ये बसवून ती बाहेर घेऊन गेली, आणि मी तिला हेही सांगितलं नाही की मला आठवत नव्हतं.